शाळेत बोलावलंय

'उद्या आईबाबांना शाळेत बोलावलंय' हे वाक्य मराठी घरात आनंदाची बातमी म्हणून क्वचितच येते. बहुधा ते रात्री, दप्तर भरता भरता, शक्य तितक्या खालच्या आवाजात सांगितले जाते आणि त्यावरचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: 'आता काय केलंस?' शाळेने बोलावले म्हणजे काहीतरी बिघडले, ही समजूत दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवातून पक्की झालेली आहे आणि ती खोटी पाडण्यासाठी शाळांनीही फारसे काही केलेले नाही. पालक आणि शिक्षक यांच्यातील संवाद अवघड होण्याचे एक मोठे कारण यातच आहे. त्यांच्यातले अवघड बोलणे हे बहुतेक वेळा त्यांचे पहिलेच बोलणे असते.

विषय नाना प्रकारचे असतात. मूल वाचनात मागे पडले आहे. वर्गात मारामारी करते. दुसऱ्याची वस्तू त्याच्या दप्तरात सापडली. महिनाभर गैरहजर आहे. अंगावर वळ दिसतात. उलट दिशेने येणारे विषयही तितकेच आहेत. बाईंनी सगळ्या वर्गासमोर अपमान केला, सरांनी हात उगारला, मुलीला कायम मागच्या बाकावर बसवतात, डबा खाताना तिच्याशेजारी कोणी बसत नाही. यातले काही विषय वरवर किरकोळ वाटतात, पण 'तुमच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत' हे आईला सांगताना अनुभवी शिक्षिकाही दोनदा विचार करते. त्या एका वाक्यातून घर, स्वच्छता आणि कधीकधी जात यांविषयीचे न उच्चारलेले बरेच काही ऐकू जाऊ शकते, हे तिला ठाऊक असते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. वेळेवर शाळेत येणे, अभ्यासक्रम पुरा करणे यांच्याच पंक्तीत पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची कुवत, झालेली प्रगती व अन्य महत्त्वाची माहिती त्यांना देणे हेही तिथे नोंदले आहे. कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीचे आहे: किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती २०११च्या महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियमानुसार सोडतीने निवडली जाते. मूळ कायदाच शुल्काचा असल्यामुळे नावात पालक आणि शिक्षक दोघेही असलेल्या या संघात मुलांपेक्षा फीवर जास्त बोलले जाते, यात नवल नाही.

समित्यांच्या बैठकीत एकेका मुलाविषयी बोलणे शक्य नसते आणि योग्यही नसते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, पोषण आहार, गणवेश, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, आयत्या वेळचे विषय, आभार, चहा, सह्या. एका मुलासाठी उरतो तो निकालाचा दिवस. साठ मुलांचा वर्ग आणि तीन तासांचा 'ओपन डे' धरला, तर एका मुलाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. त्यात प्रगतिपुस्तक शोधायचे, सही घ्यायची, उत्तरपत्रिका दाखवायच्या. मागे रांग असते आणि रांगेतल्या पहिल्या दोघांना सगळे ऐकू येते. कौतुकाला एवढा वेळ पुरतो. 'तुमचा मुलगा चौथीत आहे, पण त्याला दुसरीचा धडा वाचता येत नाही' हे सांगायला आणि ऐकून घ्यायला पुरत नाही. शिवाय ज्यांच्याशी बोलणे सर्वांत निकडीचे, ते पालक रांगेत नसतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला शनिवारी सकाळी अकराची बैठक म्हणजे एका दिवसाची मजुरी. ती आली नाही याची शिक्षकांच्या खोलीत 'पालकांना काही पडलेलंच नाही' अशी नोंद होते, आणि पुढे वर्षभर हीच नोंद त्या घराविषयीचे ज्ञान म्हणून वापरली जाते. गाव-शहर, सरकारी-खासगी असा भेद न करता सर्वत्र आढळणारा हा अन्याय आहे.

वेळ आणि जागा मिळाली, तरी बोलणे सोपे होतेच असे नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विलार्ड वॉलर यांनी १९३२ साली 'द सोशिऑलॉजी ऑफ टीचिंग' या ग्रंथात पालक आणि शिक्षक यांना स्वभावतःच एकमेकांचे शत्रू ठरवले होते. शब्द जहाल आहे, पण त्यामागचे निरीक्षण आजही लागू पडते. दोघांनाही मुलाचे भले हवे असते, मात्र पालकापुढे एक मूल असते आणि शिक्षकापुढे वर्ग. पालकाला अपवाद हवा असतो, शिक्षकाला नियम पाळायचा असतो. सारा लॉरेन्स-लाइटफूट यांनी २००३मध्ये 'द इसेन्शिअल कॉन्व्हर्सेशन' या पुस्तकात आणखी एक गोष्ट पुढे आणली. या भेटीत समोरासमोर बसलेल्या दोन माणसांखेरीज त्यांची स्वतःची बालपणेही हजर असतात. महाराष्ट्रात तर अनेक पालक पूर्वी आपणच शिकलेल्या शाळेत, कधी त्याच खोलीत, येऊन बसतात. दहावीला गणितात राहिलेला बाप मुलाच्या गणिताविषयी ऐकताना एकदम चिडतो किंवा एकदम गप्प होतो, तेव्हा तो समोरच्या बाईंना उत्तर देत असतोच असे नाही. शिक्षकाचेही असेच असते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एखाद्या पालकाने मुख्याध्यापकांसमोर काढलेले वाभाडे तो निवृत्तीपर्यंत विसरत नाही, आणि पुढचा प्रत्येक मोठ्या आवाजाचा पालक त्याला तोच वाटतो.

यात सामाजिक वर्गाचा भेदही मिसळतो. ॲनेट लारो यांनी १९८९च्या 'होम ॲडव्हांटेज' या अभ्यासात अमेरिकेतल्या दोन शाळांची तुलना केली. कामगार वस्तीतले पालक शिक्षण हे शिक्षकांचे काम म्हणून त्यांच्यावर सोपवून देतात, तर सुस्थित पालक त्यात बरोबरीने हात घालतात, प्रश्न विचारतात, प्रसंगी जाब मागतात, असे त्यांना दिसले. इथल्या शाळांतही हे दोन आवाज स्पष्ट ऐकू येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत 'गुरुजी, तुमचाच आहे, चांगला बदडा, पण शिकवा' असे म्हणणारा बाप असतो. तो विश्वास दाखवत असतो, पण त्याच्याशी संवाद होत नाही, कारण त्याने आपली बाजू आधीच सोडून दिलेली असते. शहरातल्या महागड्या शाळेत नेमके उलटे. तिथे पालक गुणपत्रिकेतला अर्धा गुण घेऊन येतात आणि तुटपुंज्या पगारावर, कंत्राटी नेमणुकीवर असलेली शिक्षिका आपली नोकरी सांभाळत उत्तर देते. सत्ता कोणाच्या हाती, हे शाळेगणिक बदलते. सत्ता ज्याच्या हाती अधिक, त्याने आधी ऐकायला हवे. प्रत्यक्षात तोच आधी बोलतो.

'घरी तो असं करतच नाही' हे या भेटींतले सर्वांत चुकीचे समजले जाणारे वाक्य आहे. शिक्षकाला ते पांघरूण घालणे वाटते. पुष्कळदा ते अक्षरशः खरे असते. घरी आई, आजी आणि तो. शाळेत तो आणि एकोणसाठ जण. घरी मागितल्याबरोबर मिळणारे लक्ष शाळेत साठ वाटे होऊन मिळते. घरी घुम्यासारखी बसणारी मुलगी वर्गात सर्वांत बडबडी असू शकते, आणि वर्गात तोंडही न उघडणारा आदिवासी पाड्यावरचा मुलगा घरी आपल्या बोलीत भावंडांना गोष्टी सांगत असतो. एकच मूल दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे असते. त्या वाक्यावर हिरमुसण्याऐवजी 'मग घरी तो कसा असतो?' एवढे विचारले, तर शिक्षकाला हवी असलेली निम्मी माहिती तिथेच मिळते.

अवघड बोलण्याची तयारी बोलण्याच्या बऱ्याच आधी, नोंदींपासून होते. महाराष्ट्रात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. गुणांच्या जागी श्रेणी आल्या, आकारिक आणि संकलित असे दोन भाग झाले, आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिणे आले. कल्पना उत्तम होती. शिक्षकाने मुलाकडे बारकाईने पाहावे आणि पाहिलेले लिहावे, असा तिचा हेतू होता. काही काळातच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि चाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांत 'अभ्यासात सातत्य हवे', 'वर्गात लक्ष द्यावे', 'अक्षर सुधारावे' हीच तीन वाक्ये आलटूनपालटून उतरू लागली. अशा नोंदींच्या आधारावर पालकाशी बोलता येत नाही. 'लक्ष देत नाही' या वाक्यावर पालक फक्त मान हलवू शकतो किंवा घरी जाऊन मुलाला रागावू शकतो. 'दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला तो रोज डोके बाकावर टेकवतो. सकाळी तसा नसतो' या वाक्यावर मात्र आई विचारात पडते. मग कळते की रात्रपाळी संपवून बाप पहाटे येतो, एका खोलीत दिवा लागतो, आणि मुलाची झोप तिथेच मोडते. 'लक्ष देत नाही' हे निकालपत्र झाले. दुसरे वाक्य निरीक्षणाचे आहे, आणि निरीक्षणाचा प्रतिवाद करण्याची गरज कोणाला वाटत नाही.

मात्र नेमके निरीक्षण असले म्हणजे भागते असेही नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१चे जपानी आत्मकथन 'तोत्तोचान' मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून घरोघर पोहोचले आहे. त्याच्या सुरुवातीला पहिलीतल्या तोत्तोचानच्या आईला तिच्या बाई शाळेत बोलावून घेतात. त्या बाईंची तक्रार निरीक्षण म्हणून अव्वल दर्जाची आहे. मुलगी डेस्कचे झाकण पुनःपुन्हा उघडते आणि आपटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते, पाखरांशी बोलते, कागद अपुरा पडला म्हणून डेस्कवर चित्र काढते. एकही शब्द मोघम नाही. फक्त या सगळ्याचा उपयोग त्या मुलीला शाळेतून काढण्यासाठी करतात. नंतर नव्या शाळेचे कोबायाशी नावाचे मुख्याध्यापक तिच्या आईला जायला सांगतात आणि त्या मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेतात. आईने तर त्याहून मोठे काम केले. मुलीला शाळेतून काढले आहे, हे तिने तोत्तोचान वीस वर्षांची होईपर्यंत तिला कळू दिले नाही. शाळेतले अवघड बोलणे घरी मुलापर्यंत किती आणि कसे न्यायचे, हाही त्या बोलण्याचाच भाग आहे. आपल्याकडे बहुतेक पालक ते शाळेच्या फाटकातच मुलाच्या पाठीत घालतात.

प्रत्यक्ष भेटीविषयी अनुभवी शिक्षक जे सांगतात, ते फार गुंतागुंतीचे नाही. व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर किंवा इतर पालकांदेखत बोलू नये. रिकाम्या वर्गात दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या ठेवाव्यात. पालक पहिलीच्या बाकावर गुडघे दुमडून आणि शिक्षक खुर्चीवर, ही बैठक बोलण्याआधीच निकाल लावते. येण्याचे कारण आधी थोडक्यात कळवावे. नुसते 'येऊन भेटा' असे चिठ्ठीत लिहिले, तर आईची रात्र वाईट जाते आणि ती लढायच्या तयारीने येते. एका भेटीत एकच विषय घ्यावा. मागच्या तीन वर्षांचे गाऱ्हाणे एकदम काढले की मूळ मुद्दा बुडतो. मोठ्या मुलाला, सातवी-आठवीनंतर, भेटीच्या काही भागात तरी बसवावे, कारण बोलणे त्याच्याविषयी आहे. लहान मुलाला बसवून त्याच्याच उणिवा वाचून दाखवणे मात्र क्रूर आहे. आधी दोन गोड शब्द, मग तक्रार, मग पुन्हा गोड शब्द, अशी पद्धत काही प्रशिक्षणांत शिकवतात. पालक तितके भोळे नसतात. 'हुशार आहे, पण...' ऐकले की ते 'पण'ची वाट पाहू लागतात. त्याऐवजी जुलै महिन्यात, काहीही बिघडलेले नसताना, 'आज त्याने फळ्यावर छान गणित सोडवलं' असा एक फोन केलेला असला, तर डिसेंबरमधला अवघड फोन वेगळ्या कानांनी ऐकला जातो. असा फोन करणारे शिक्षक आहेत. त्यांची संख्या वाढायला पैसा लागत नाही.

सर्वांत अवघड बोलण्यांपैकी एक म्हणजे मूल शिकण्यात अडखळते आहे आणि ते आळसामुळे नाही, हे सांगणे. मूल तोंडी उत्तरे भराभर देते, पण लिहिताना काना-मात्रा गळतात. 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो. फळ्यावरून उतरवताना ओळी सुटतात, जोडाक्षर आले की वाचन थांबते. विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या सूचीतील २१ प्रकारांत आहे, आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जास्तीचा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होते. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६पासून याच क्षेत्रात काम करत आहे. म्हणजे पुढची वाट आहे. अडते ते पहिल्या पावलाशी.

'तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे' हे वाक्य शिक्षकाने कधीच उच्चारू नये. निदान करणे हे त्याचे काम नाही, आणि साधारण आठव्या वर्षाच्या आत तज्ज्ञही पक्के निदान सहसा करत नाहीत. शिक्षकाने वह्या समोर ठेवाव्यात, जूनमधली आणि नोव्हेंबरमधली. तोंडी आणि लेखी कामातली तफावत दाखवावी. पहिली सूचना डोळे आणि कान तपासण्याची करावी. ती कोणत्याही घराला मान्य होते आणि दोष खरोखरच चष्म्याचा निघाला, तर प्रश्न तिथेच संपतो. मग पुढच्या भेटीत मूल्यमापनाचा विषय काढावा. पालक या बातमीवर काय करतील, याचा अंदाज बांधता येतो. काही म्हणतात, 'मीही लहानपणी असाच होतो, होईल नीट.' काही शाळा बदलतात. काही ट्यूशन वाढवतात, म्हणजे जे मूल चार तास अडखळते ते सहा तास अडखळू लागते. काही आया तिथेच रडतात, आणि त्या रडण्यात बहुतेकदा दुःखापेक्षा सुटका जास्त असते: ज्याला इतकी वर्षे मारले-रागावले ते मूल मुद्दाम करत नव्हते, हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलेले असते.

२००७च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटात निकुंभ सर डिस्लेक्सिया असलेल्या आपल्या विद्यार्थ्याच्या, इशानच्या, घरी जातात, अनोळखी लिपीतला मजकूर असलेला एक खोका त्याच्या वडिलांपुढे धरतात आणि वाचायला सांगतात. वाचता येत नाही म्हटल्यावर ते त्यांना मुलाला बोलतात त्याच सुरात झापतात. प्रेक्षागृहात त्या प्रसंगाने पुष्कळांचे डोळे उघडले. खऱ्या घरात मात्र असे बोलणे त्याच मिनिटाला संपते. बापाला त्याच्या बायकोसमोर खोटे पाडून त्याचे सहकार्य मिळवलेला शिक्षक सिनेमातच भेटतो.

वेगळ्या जातीचा अवघडपणा बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांत दर पावसाळ्यानंतर येतो. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघते आणि बरोबर मुलेही जातात. उसाच्या फडावर मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, कोपीवर, म्हणजे झोपडीवर, पाणी भरते. शाळेचा पट सप्टेंबरात भरलेला असतो आणि दिवाळीनंतर निम्मा होतो. मुले गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. त्यात मुलांना दोन वेळचे जेवण मिळते आणि रात्री ती अनेकदा आजी-आजोबांकडे झोपतात. बरोबर गेलीच तर तिकडच्या शाळेत दाखल व्हावीत म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते, आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या शाळेला वर्षात केव्हाही प्रवेश द्यावा लागतो.

या योजना पोहोचवायच्या कशा, तर बोलून. शिक्षकाला संध्याकाळी वस्तीवर जाऊन सांगावे लागते की पोरांना ठेवून जा. मुलगा असेल तर हे बोलणे तासाभरात जमते. बारा वर्षांच्या मुलीची आई मात्र विचारते, 'पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू, सर?' आणि त्या प्रश्नाला शिक्षणाचे महत्त्व हे उत्तर होत नाही. आईला शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असा समज करून घेतलेला शिक्षक तिथे व्याख्यान देतो आणि हात हलवत परततो. जाणता शिक्षक वेगळे प्रश्न विचारतो. आजीची तब्येत कशी आहे, रात्री घरात कोण असते, चुलता कसा आहे, शेजारच्या कोणत्या मुली थांबणार आहेत. दोन-तीन मुली एका विश्वासाच्या घरी राहणार असतील, तर आई ऐकते. कधी तिच्या भीतीमागे लग्नाचे बोलणे असते. मुलगी एकटी मागे ठेवण्यापेक्षा उजवून टाकलेली बरी, हा हिशेब त्या भागात नवा नाही. असे कानावर आले की शिक्षकाचे समजावणे चालू राहू शकते, पण ते पुरेसे नसते. मुलीचे वय १८च्या आत असेल तर तो २००६च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाचा विषय होतो, आणि गावपातळीवर त्याची जबाबदारी ग्रामसेवकाकडे दिलेली आहे. त्याच गावात राहून नोकरी करणाऱ्या शिक्षकाला हे पाऊल किती जड जाते, ते शहरात बसून ठरवू नये.

पालकांनी शिक्षकांशी करायच्या अवघड बोलण्याविषयी मराठीत फारच कमी लिहिले गेले आहे, कारण त्यांनी करायचे ते ऐकणे, असेच गृहीत धरलेले असते. कायद्याने ही समजूत मोडली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे दोन्हीवर बंदी आहे. छडी जशी यात येते, तसे वर्गासमोर 'तुझ्या डोक्यात कांदेबटाटे भरलेत' हेही येते. तरीही तक्रार करावी की नाही, या विचारात पालक आठवडे घालवतात. त्यांची भीती खरी असते: मूल अजून वर्षभर त्याच बाईंच्या वर्गात बसणार आहे. म्हणून ते सरळ बाईंकडे जात नाहीत. कोणी संस्थाचालकांच्या ओळखीचा माणूस शोधतो, कोणी स्थानिक पुढाऱ्याला फोन लावतो, कोणी थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतो. किरकोळ बाबतीत हे मार्ग आधी वापरले की शिक्षिका बचावात जाते आणि मुलाविषयी बोलणे कायमचे थांबते. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग समिती किंवा संघ, हा क्रम साधा आहे आणि बहुतेकदा पहिल्याच पायरीवर काम होते. 'तुम्ही माझ्या मुलाला छळता' यापेक्षा 'मंगळवारी काय झालं ते तुमच्याकडून ऐकायचं होतं' हे वाक्य पुढे जाते. मुलाने सांगितलेले खोटे नसते, पण अर्धे असू शकते. मार बसला असेल तर मात्र हा क्रम पाळत बसण्याचे बंधन पालकावर नाही.

मुख्याध्यापकांची भूमिका इथे कसोटीला लागते. पालकांसमोर शिक्षिकेला तोडून बोलणारा मुख्याध्यापक पालकांना क्षणभर न्यायी वाटतो आणि शिक्षकवर्ग कायमचा गमावतो. काहीही झाले तरी शिक्षकाचीच री ओढणारा पालकांना कोर्टाची वाट दाखवतो. दोघांना बसवून आपण कमी बोलणे, हा मधला मार्ग फार थोड्यांना जमतो. फी थकली आहे हे वर्गशिक्षिकेकरवी मुलासमोर सांगायला लावणारे व्यवस्थापन तर त्या शिक्षिकेचे पुढचे प्रत्येक बोलणे नासवते. पैशाचा विषय कार्यालयाचा आहे, वर्गात त्याला जागा नाही.

२०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या आणि वर्गांचे व्हॉट्सॲप ग्रुप घराघरांत रुजले. सूचना, गृहपाठ, सहलीचे फोटो यांसाठी ते सोयीचे आहेत. अवघड बोलण्यासाठी याहून वाईट जागा नाही. एका आईने रात्री साडेदहाला 'आज वर्गात माझ्या मुलाला कोणी ढकललं?' असे लिहिले की अकरापर्यंत आठ पालक दोन पक्षांत वाटले जातात, एका मुलाचे नाव निघते, त्याचे वडील तेच वाचत असतात, आणि बाईंची निळी खूण दिसूनही उत्तर नाही याचाही अर्थ लावला जातो. ज्या शाळांनी ग्रुपवर कोणत्याही मुलाचे नाव घ्यायचे नाही आणि शिक्षकांनी संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर उत्तर द्यायचे नाही असे ठरवले, तिथे तक्रारी कमी झाल्या नाहीत, पण त्या माणसांच्या तोंडून येऊ लागल्या.

भेट संपताना पुढे काय, हे ठरले नाही तर सगळे बोलणे वाया जाते. 'बघू', 'लक्ष ठेवा', 'आम्ही प्रयत्न करतो' यांवर संपलेली भेट पुन्हा होते, आणि दुसऱ्यांदा ती जास्त कडू असते. घराने काय करायचे, शाळेने काय करायचे आणि पुन्हा केव्हा बसायचे, या तीन गोष्टी चार ओळींत लिहून दोघांकडे ठेवल्या तर पुरते. पालकाला लिहिता-वाचता येत नसेल तर बोलून पक्के करावे आणि नंतर फोन करावा. २०२३मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली; तिच्यात आणि पुनर्परीक्षेतही अपयश आल्यास मूल त्याच इयत्तेत राहू शकते. मूल मागे पडले आहे हे ज्या घरी सप्टेंबरात सांगितले गेले नसेल, त्याला ते निकालाच्या कागदावरून कळेल, आणि त्या वेळी शाळेच्या बाजूने बोलण्यासारखे काही उरलेले नसेल.

काही गोष्टी मात्र बोलून सोडवायच्या नसतात. मुलाच्या अंगावरचे वळ, अचानक गप्प झालेली मुलगी, एखाद्या नातेवाइकाचे किंवा शाळेतल्याच कोणाचे नाव घेताना तिचे थिजणे, अशा वेळी घरच्यांना बोलावून 'काय प्रकार आहे' असे विचारणे धोक्याचे ठरू शकते, कारण विचारणा त्याच माणसापर्यंत जाते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२चे कलम १९ पोलिसांना कळवणे सर्वांवर बंधनकारक करते. खात्री करून घेणे, पुरावा गोळा करणे, दोन्ही बाजू ऐकणे हे शिक्षकाचे काम नाही, आणि शाळेच्या नावाची काळजी हे थांबण्याचे कारण नाही. न कळवल्यास कलम २१प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर कैद एक वर्षापर्यंत आणि वर दंड. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ आहे. तो दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.